दुसरा फोन

माझ्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीचा मला हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला मी फार सभ्य बाई वाटायला नको. मुलगी म्हणायचं आपलं. ती आता चाळिशीची आहे, तिचं स्वतःचं बातम्यांचं चॅनेल आहे, मनीषनगरात ऑफिस आहे आणि पुढारी तिच्यासमोर बसताना शर्टाची कॉलर नीट करतात. मी बासष्टची आहे, जरीपटक्याच्या बाजारामागच्या एका गल्लीत एकटी राहते आणि तिचा प्रत्येक व्हिडिओ बघते. एकही सोडत नाही. लाइक मात्र आजवर एकालाही दिलेलं नाही.

बघताना मांडीवर एक वही असते. तीत मी तिच्या चुका टिपून ठेवते. बातमी एका अपघाताची, चित्र दुसऱ्याच अपघाताचं. 'सूत्रांच्या माहितीनुसार' म्हणायचं आणि सूत्र कोण ते सांगायचं नाही. पुढाऱ्याने प्रश्नाचं उत्तर दिलं नाही तरी 'सडेतोड उत्तर' असं लाल अक्षरांत लिहायचं. 'खळबळ' हा शब्द एका बातमीत चारदा, आणि खळबळ कुठे माजली हे शोधायला गेलं तर फक्त तिच्याच पट्टीवर. ही वही मला कोणाला दाखवायची नाही. भाजीवाली विचारते, "त्या मॅडम तुमच्यासंगच होत्या न पेपरात?" तेव्हा घरी आल्यावर जे काही होतं, त्यासाठी ती वही आहे.

आमच्या दैनिकाचं नाव सांगत नाही. ते अजून निघतं, म्हणजे जाहिरातींच्या मधे उरलेल्या जागेत निघतं. मी तिथे बरीच वर्षं काढली. त्या काळी डेस्कवर बाई आली की तिला पाककृती द्यायच्या, नाहीतर निधन वार्ता. मला निधन वार्ता मिळाल्या. "तुमचा आवाज मऊ आहे," असं आमचे संपादक म्हणाले. माझा आवाज मऊ नाही, गल्लीत कोणालाही विचारा. पण काम मिळालं आणि मी ते असं धरून ठेवलं की शहरात कोणी गेलं, तर ते खरंच गेलं की नाही याचा निकाल माझ्या टेबलावर लागायचा.

सुरुवातीला माझ्याकडून एक जिवंत माणूस छापला गेला होता. भावाभावांत घराच्या वाटणीवरून बिनसलेलं. एकाने फोन करून दुसऱ्याला मारून टाकलं, अंत्ययात्रेच्या वेळेसकट. मी भोळेपणाने छापलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गृहस्थ पेपराची घडी काखेत मारून आले, माझ्यासमोरची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चहा पाजा मॅडम. घरी तर आज चूलच नाही पेटली." मी चहा पाजला. नोकरी वाचली, पण तेव्हापासून मी दुसऱ्या फोनाचा नियम केला.

पहिला फोन ज्याचा यायचा त्याचा येऊ द्यावा. त्यानंतर दुसरा फोन आपण करायचा, आणि तो त्या घरी करायचा नाही. ज्या घरात माणूस गेलंय तिथे फोन लावून 'खरंच गेले का हो' असं विचारणं मला जमत नसे, आणि गेलं नसेल तर विचारणं त्याहून वाईट. फोन करायचा समोरच्या घरी, नाक्यावरच्या किराणावाल्याला, नाहीतर पिठाच्या गिरणीत. त्यालाही 'गेले का' असं विचारायचं नाही, कारण लोक ऐकीव सांगतात. विचारायचं ते एवढंच, "त्यांच्या दारात चपला आहेत का? कशा आहेत?" बारशाच्या किंवा सत्यनारायणाच्या घरी चपला चांगल्या असतात आणि कडेला काढलेल्या असतात. मयताच्या घरी त्या पडतील तशा पडतात, आणि त्यांत घरात घालायच्या स्लिपरा हमखास असतात, कारण माणूस हातातलं टाकून आलेला असतो.

याला जोडून आणखी एक नियम होता. समोरचा माणूस "पाहून सांगतो" म्हणाला आणि नंतर फोनच उचलेनासा झाला, तर बातमी खरी धरायची. तो पाहायला गेला आणि तिथेच बसला, असा त्याचा अर्थ. मयताच्या घरी बसलेलं माणूस फोन उचलत नाही. हा नियम माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही चुकला नाही.

ती आली तेव्हा पंचवीसचीही नव्हती. कामठीहून शेअर ऑटोने यायची. वडील पॉवरलूमवर होते आणि घरात लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, त्यामुळे ऑफिसातही ती ओरडूनच बोले. पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "ताई, चपला काहून विचारता तुम्ही? सरळ मेले का ते विचारा न." मी तिला समोर बसवलं आणि सगळं शिकवलं. दुसरा फोन, चपला, स्लिपरा, फोन न उचलणारा माणूस. तिने ते वहीत उतरवून घेतलं. मग मला म्हणाली, "हे तर कोणत्याच कॉलेजात नाही शिकवत जी." त्या दिवशी ती मला फार आवडली होती.

महिनाभरात ती माझ्यापेक्षा चांगलं काम करू लागली. माझ्या वार्ता म्हणजे नाव, वय, 'त्यांच्या मागे पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे' आणि अंत्यसंस्काराचा घाट. ती चपला विचारता विचारता किराणावाल्याला बोलतं करायची आणि शेवटी दोन ओळी जोडायची. अमुक आजोबा रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना नावाने हाका मारत. तमुक बाई तिखटाच्या गिरणीत बसून लोकांच्या मुलांची लग्नं जुळवत. लोक ती कात्रणं फ्रेम करून घरी लावायला लागले. एक विधवा बाई ऑफिसात पेढे घेऊन आल्या आणि विचारलं, "कोण लिहितं हे?" पेढे कोणी दिले असतील निधन वार्तेला? मी तिच्याकडे बोट दाखवलं आणि त्या दिवसापासून तिच्या त्या दोन ओळी कापायला लागले. जागा नाही, असं सांगायची. जागा असायची.

पुढे मालकांच्या मुलाने कॉम्प्युटरची नवी व्यवस्था आणली. लोकांनी आपापल्या मोबाइलवरून मयताची माहिती भरायची, फोटो टाकायचा, पान आपोआप लागणार. कोणाला फोन करायची गरज नाही. पहिल्याच महिन्यात एका आजींचा फोटो फुग्यांच्या चौकटीत 'उदंड आयुष्याच्या शुभेच्छा' या मजकुरासह छापून आला, आणि त्याच पानावर एका उत्साही युवा नेत्याला काळ्या चौकटीत बसवलं होतं. कॉम्प्युटरवाल्यांना विचारलं तर म्हणाले, अपडेट येऊन राहिलं आहे. ते अपडेट यायच्या आधी मला घरी बसवण्यात आलं. ती माझ्या दोन वर्षं आधीच बाहेर पडली होती. जाताना पाया पडायला आली तेव्हा तिच्या हातात मोबाइल लावायची एक काठी होती. मी म्हटलं, "महिनाभरही टिकणार नाही वं हे." ती हसली.

आता त्या दिवसाचं सांगते.

आमच्या समोरच्या घरात एक माजी नगरसेवक राहतात. सगळी वस्ती त्यांना भाऊ म्हणते. शाळेत मास्तर होते, मग दोनदा निवडून आले, आणि खरंच नळ आणले म्हणून लोक अजून मान देतात. मधल्या काळात महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूक नुसती पुढे पुढे जात राहिली, त्यामुळे शहरात आजी नगरसेवक कोणी उरलाच नव्हता. जे होते ते माजी, आणि चौकाचौकात फलकांवर हात जोडून उभे होते ते भावी. भाऊंच्या जागेवर असे तिघे-चौघे भावी डोळा ठेवून होते. अशात भाऊंना दम लागला आणि त्यांना दवाखान्यात भरती केलं.

दिवस नोव्हेंबरचे. भाऊंना भरती करून पाच-सहा दिवस झाले होते. मुलगा दवाखान्यात त्यांच्याजवळ होता. भाऊंच्या पत्नीचे, म्हणजे आमच्या वहिनींचे गुडघे गेलेले, त्या घरीच. सकाळी मी झाडांना पाणी घालत होते तेव्हा त्यांनी फाटकापाशी येऊन सांगितलं, "काल रातच्याले खिचडी खाल्ली म्हणे. नर्सले रागावले बी. उद्या सुट्टी देऊन राहिले." भाऊ कोणावर तरी रागावले म्हणजे बरे झाले, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. आम्ही हसलो.

दुपारी मी बाजारातल्या ऑनलाइनची कामं करणाऱ्या दुकानात गेले. माझी जी काय चिमूटभर पेन्शन आहे, तिच्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. मी जिवंत आहे असं यंत्राला पटवायचं. अंगठा लावला, जुळला नाही. दुसरा लावला, तोही नाही. आयुष्यभर कागद उलटून माझ्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्यात. मग त्याने माझ्या तोंडासमोर मोबाइल धरला आणि डोळे मिचकवायला सांगितलं. मी मिचकवले. 'चेहरा जुळत नाही' असं आलं. चष्मा काढून मिचकवले, उजेडात जाऊन मिचकवले. दुकानवाला म्हणाला, "सर्वर डाऊन असन मॅडम, बसा थोडं." मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. शेजारची बाई मोबाइलवर काहीतरी बघत होती, आणि त्यातून माझ्या शिष्येचा आवाज येत होता. तो आवाज आता लूमवरचा राहिलेला नाही. तिने तो मेहनतीने खाली आणलाय.

तेवढ्यात तिचाच फोन आला.

"ताई, कुठं आहा तुम्ही?"

"बाहेर आहे. बोल."

"तुमच्या समोरच्या भाऊंची श्रद्धांजलीची पोस्ट फिरून राहिली जी. दोन चॅनेलनं चालवून बी टाकली. माह्या पोरांनी बातमी तयार ठेवली, पण मी म्हटलं थांबा. दारात चपला पाहता का जरा?"

मला एक वाक्य बोलायचं होतं. भाऊ बरे आहेत, काल त्यांनी खिचडी खाल्ली. ते माझ्या जिभेवर होतं. पण त्याच क्षणी पुढचं सगळं मला दिसलं. संध्याकाळी ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून सांगणार, सगळ्यांनी खोटी बातमी दिली, फक्त आमच्या चॅनेलने खात्री करून घेतली. लोक वाहवा करणार. नियम माझा, चपला माझ्या, समोरचं घर माझं, आणि शाबासकी तिची. इकडे मला यंत्र जिवंतसुद्धा म्हणायला तयार नव्हतं.

"पाहून सांगते," मी म्हटलं.

"लवकर सांगा ताई. तुमच्यावाचून कोणाले विचारू?"

एरवी या वाक्याने मी विरघळले असते. त्या दिवशी उलट झालं. इतकी वर्षं माझ्यावाचून सगळं चाललं, आता बघू कसं चालतं, असं मनात आलं. मी उठले नाही. घर दहा मिनिटांवर होतं आणि खरं सांगायचं तर घरी जायचीही गरज नव्हती. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. मी तो पर्समध्ये वाजू दिला. शेजारची बाई म्हणाली, "तुमचा फोन वाजून राहिला जी." मी म्हटलं, "कंपनीवाल्यांचा असेल, लोन पाहिजे का विचारतात." तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा बाईने नुसतं पाहिलं. मग एक मेसेज आला. 'ताई?' एवढाच.

त्यानंतर पाच-सात मिनिटं गेली असतील. शेजारची बाई एकदम म्हणाली, "अरे देवा, भाऊ गेले." तिच्या मोबाइलवर काळी पट्टी होती, भाऊंचा जुना फोटो होता आणि माझ्या शिष्येचा खाली आणलेला आवाज होता. खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. चुकली, असं मी मनात म्हटलं. इतक्या वर्षांत वहीत टिपलेल्या सगळ्या चुकांपेक्षा ही मोठी होती. दुकानवाल्याने यंत्रासमोर पुन्हा बसायला सांगितलं, मी हसऱ्या तोंडाने बसले, आणि त्या वेळी चेहरा जुळला. मी जिवंत असल्याचा कागद छापून हातात आला.

तो कागद पर्समध्ये ठेवताना मला वहिनी आठवल्या. त्यांचं मोबाइलकडे लक्ष नसतं. पण गल्लीतल्या बाकी सगळ्यांचं असतं.

मी जवळजवळ पळतच निघाले. गल्लीच्या तोंडाशी पोचले तेव्हा भाऊंच्या दारात चपला होत्या. पायऱ्यांवर, फाटकात, नालीच्या कडेला, एकावर एक पडलेल्या, आणि अर्ध्याअधिक घरात घालायच्या स्लिपरा. फोनवर कोणी मला अशा चपला सांगितल्या असत्या तर मी डोळे मिटून बातमी लावली असती. मांडववाल्याचा टेम्पोही येऊन उभा होता आणि तो बांबू कुठे ठेवू असं विचारत होता. एका भावी नगरसेवकाची माणसं पुष्पचक्र घेऊन आली होती. ते ठेवायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्कूटरच्या सीटवर ठेवून फोटो काढून घेतला.

आत वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून बसल्या होत्या. मध्ये दिवाणावर वहिनी. समोर परातीत अर्धी निवडलेली मेथी, आणि हातात एक काडी तशीच धरलेली. त्या रडत नव्हत्या. मला बघून म्हणाल्या, "तू तर सकाळी होतीस न वं फाटकापाशी. मी सांगितलं तुले, सुट्टी देऊन राहिले म्हणून. मंग मले कोणी काहून नाही सांगितलं?"

मी म्हटलं, "वहिनी, भाऊ बरे आहेत. ही बातमी खोटी आहे."

"तुले कोणं सांगितलं?"

 तुम्हीच सांगितलं सकाळी, असं म्हणायचं तर मग तासभर मी काय करत होते? मुलाचा फोन सारखा व्यस्त येत होता, कारण सगळं शहर त्याचं सांत्वन करायला त्यालाच फोन लावत होतं. मी तिथेच उभी राहून लावत राहिले. कितीदा लावला ते मोजलं नाही. शेवटी लागला, आणि मी त्याला व्हिडिओवर यायला सांगितलं. मोबाइलच्या काचेत भाऊंचं तोंड आलं, नाकातली नळी एका हाताने बाजूला केलेली, चेहरा चिडलेला. "कोण मेलं म्हणता? मी इथं कवाचा चहा मागून राहिलो, कोणी देऊन नाही राहिलं," ते म्हणाले. मग त्यांना वहिनी दिसल्या. "अन् तू अशी काहून बसली वं?"

बायकांमध्ये आधी एक हुंदका आला आणि मग सगळ्या हसायला लागल्या. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी हातातली काडी परातीत टाकली आणि दुसरी उचलली. बाहेर लोक आपापल्या चपला शोधायला लागले, त्यात दोघांची भांडणं झाली, आणि माझी चांगली चप्पल कोणीतरी घालून गेलं. मांडववाला बांबू परत चढवताना फेरीचं भाडं कोणाकडे मागायचं ते विचारत होता. पुष्पचक्र मात्र भावी नगरसेवकाच्या माणसांनी आठवणीने परत नेलं.

रात्रीच्या भाकरीच्या वेळेपर्यंत सगळं उलगडलं. दुसऱ्या एका भावी नगरसेवकाचा मोबाइल सांभाळणारा जो कोणी आहे, त्याने भाऊ भरती झाल्या दिवशीच श्रद्धांजलीचं चित्र तयार करून ठेवलं होतं. स्वतः लग्नाला जायचा होता, म्हणून ते आपोआप पडायची वेळ लावून ठेवली आणि ती काढायला विसरला. मोबाइलने आपल्या मनाने ते टाकलं. ते बघून बाकीच्या भावींनी मागे कसं राहायचं म्हणून आपापली चित्रं टाकली. पुढाऱ्यांच्या पोस्टा बघून चॅनेलांनी बातम्या केल्या आणि चॅनेलांच्या बातम्या बघून वरच्या पुढाऱ्यांनी शोक व्यक्त केला. यात भाऊंना कोणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आपापलं गुपचूप काढून टाकलं. त्या भावीने हे विरोधकांचं कारस्थान असल्याचं सांगितलं आणि 'भाऊंना दीर्घायुष्य लाभो' असं नवीन चित्र टाकलं. फोटो तोच होता, फक्त फुलं बदलली होती.

आठवड्याने वहिनी माझ्याजवळ बोलल्या. भाऊ घरी आले होते, आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता. "त्या अर्ध्या घंट्यात मी काय काय ठरवून टाकलं, तुले सांगू नाही शकत," त्या म्हणाल्या. "आता ते इथं बसून जेवतात अन् मले वाटते, मी यांच्यावाचून जगायचं पुरं ठरवून आली होती. लाज वाटते वं." लाज वाटायची पाळी त्यांची नव्हती. पण हे मी त्यांना सांगितलं नाही.

त्या सगळ्यांमध्ये माफी फक्त एकीने मागितली. ज्या दिवशी चूक झाली त्याच दिवशी, दिवेलागणीला. ती साधी उभी होती, खाली काळी पट्टी नाही की मागे संगीत नाही. मी वही घेऊन बसले होते. ती म्हणाली की आज माझ्या चॅनेलने एका जिवंत माणसाला मेलेलं सांगितलं. मला ज्यांनी हे काम शिकवलं त्यांनी एक नियम घालून दिला होता, खात्रीसाठी दुसरा फोन करायचा. आज मी तो फोन केला नाही. बाकीचे चालवत होते म्हणून मीही चालवली. त्यांच्या शिकवण्यात खोट नव्हती, माझ्या वागण्यात होती. भाऊंची आणि घरात बसलेल्या वहिनींची मी माफी मागते.

मी पेन हातात धरून बसले होते. तिच्या माफीत एकच चूक होती आणि ती फक्त मला माहीत होती. माझ्या मोबाइलमध्ये तिचे तीन फोन नोंदलेले होते, एक उचललेला आणि दोन लाल. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहून माझ्यासाठी खोटं बोलली होती. आणि तरी, सांगायला लाज वाटते, मी खाली बघितलं की किती लोकांनी पाहिलं. मूळ बातमीपेक्षा कितीतरी जास्त. लोक लिहीत होते, अशी पत्रकार पाहिजे. मला तिच्या माफीचाही हेवा वाटला. मला ती मागता आली नव्हती.

चार दिवस थांबून मी तिला फोन केला.

"तू फोन केला होतास मला. खोटं का बोललीस?"

"मंग काय सांगू ताई? की ताईले विचारलं होतं म्हणून?" ती हळू बोलत होती. "तुम्हीच शिकवलं न जी. पाहून सांगतो म्हणते अन् मंग फोन नाही उचलत, तो तिथंच बसला असते. मी दोनदा लावला. मी म्हटलं, ताई वहिनींजवळ बसल्या असतील. म्हणून चालवली."

 दुकानात बसून मी फक्त गप्प राहिले, काही केलं नाही, अशी चार दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. पण आमच्या दोघींच्या हिशेबात गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं होतं. भाऊ गेले, असं तिला मीच सांगितलं होतं.

"तुम्ही तिथंच होत्या न ताई?" तिने विचारलं.

मी काही बोलले नाही. ती थांबली. एकदा विचारायचं आणि मग थांबायचं, घाई करायची नाही, हेही मीच तिला शिकवलं होतं.  मागे तिच्या ऑफिसात कोणीतरी हसत होतं. मग ती म्हणाली, "बरं ताई. तब्येतीले जपा," आणि फोन ठेवला.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. मी व्हिडिओ बघते. वहीत बरेच दिवस काही लिहिलेलं नाही.

परवा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे शिंपीकाका गेले, खरोखरचे. सकाळी कळल्यावर मी आधी मोबाइल चार्जिंगला लावला. मग तो हातात घेऊन त्यांच्या दारासमोर जाऊन उभी राहिले आणि चपला मोजल्या. तेवीस जोड, त्यांत नऊ स्लिपरा. दुपारपर्यंत मी मोबाइल खाली ठेवला नाही. तो वाजला नाही. संध्याकाळी तिच्या चॅनेलवर बातमी आली, आणि शेवटी दोन ओळी होत्या. काका शाळेच्या पोरांच्या चड्ड्या पुढच्या वर्षीच्या मापाने शिवत आणि पैसे यंदाच्या मापाचे घेत. हे खरं होतं. इतकी वर्षं शेजारी राहून मला ते माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गूळ आणायला नाक्यावर गेले. किराणावाला तराजूत गूळ टाकता टाकता म्हणाला, "काल त्या चॅनेलवाल्या मॅडमचा फोन आलता मले. म्हणे, काकांच्या दारात चपला हायेत का पाहता का जरा. मी म्हटलं, पाहता काय जी, मोजूनच सांगतो." त्याला केवढा अभिमान वाटत होता. बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून तो पुढे म्हणाला, "वीस जोड होते."

तेवीस होते. मला विचारलं असतं तर मी बरोबर सांगितलं असतं.